पडदे खपतात, सदरे खपत नाहीत

मार्चअखेरीस वह्या जुळवताना आमच्या मुनीमजींनी अलिबाग लाइनचे पान माझ्यापुढे ठेवले आणि म्हणाले, "शेठ, ही लाइन चांगली चालली आहे. मागच्या सालापेक्षा विक्री जास्त आहे." आकडा खरा होता. मी पान उलटून खाती मोजली. १९९८ सालच्या वहीत मांडव्यापासून रेवदंड्यापर्यंत आमची १९ दुकानदारांकडे खाती होती. आज ८ आहेत.

विक्री वाढली आणि दुकाने घटली, हे कसे? माल पाहिला की उलगडा होतो. पूर्वी या लाइनवर पोपलीन, शर्टिंग, टेरीकॉट, साड्या, परकराचे कापड, शाळेच्या गणवेशाचे कापड असा माल जाई. आता पडद्याचे कापड, सोफ्याचे कापड, पांढऱ्या चादरी आणि टर्किश टॉवेल जातात. तेही दुकानदाराच्या हातून नव्हे. बंगल्याचे काम घेणारा ठेकेदार मुंबईतूनच फोन करतो, गाडी लावतो, माल भरतो आणि निघून जातो. एका मोठ्या बंगल्याच्या पडद्यांचे बिल कधी कधी एका लहान दुकानाच्या सबंध लगीनसराईइतके होते. मी व्यापारी माणूस, माझा माल खपतो आहे, मला तक्रारीला जागा नाही. पण या व्यवहारात आपल्या लहान दुकानदार बांधवांचे आणि कारागिरांचे काय होते आहे, ते बाहेरून दिसत नाही, म्हणून हे लिहितो.

माझे शिक्षण उर्दू शाळेत झाले. मराठी मी या लाइनवर शिकलो. १९९० च्या सुमारास वालिदसाहेबांनी नमुन्यांची पिशवी हातात दिली आणि भाऊच्या धक्क्यावरून रेवसच्या लाँचमध्ये बसवून दिले. पुढे एस.टी. सासवणे, आवास, किहीम, चोंढी, थळ, मग अलिबाग. रात्री तेथे मुक्काम. दुसऱ्या दिवशी अक्षी, नागाव, चौल, रेवदंडा. एका हाताला समुद्र, दुसऱ्या हाताला नारळी-पोफळीच्या वाड्या, विहिरीवर रहाट, आणि कडेला सुकत घातलेली मासळी. वसुलीला आलेल्या माणसालाही आधी शहाळे मिळे, मग उधारीची गोष्ट निघे. पैसे गणपतीला मिळत, नाहीतर भात विकल्यावर, नाहीतर मुलाचा आखातातून ड्राफ्ट आल्यावर. उशीर होई, पण बुडत नसत. त्या १९ खात्यांपैकी दोनच खाती मला बुडीत लिहावी लागली.

बाहेरचे लोक आले आणि गाव बिघडले, ही तक्रार सगळीकडेच ऐकू येते. मला तसे म्हणायचे नाही. हा किनारा बाहेरून आलेल्या माणसांनीच गजबजलेला होता. दहाव्या शतकाच्या सुरुवातीला अल-मसऊदी हा अरब प्रवासी सैमूरला, म्हणजे आजच्या चौलला आला, तेव्हा तेथे सुमारे १० हजार मुसलमान राहत होते असे त्याने लिहून ठेवले आहे. सिराफ, ओमान, बसरा, बगदाद येथून आलेले व्यापारी आणि त्यांची इथेच जन्मलेली संतती. पुढे पोर्तुगीजांच्या काळात चौलच्या रेशमी कापडाचे नाव होते. खुद्द अलिबाग ज्या अलीच्या बागांवरून ओळखले जाऊ लागले असे सांगतात, तो अली मुसलमान नव्हता, बेने इस्रायली होता. आपल्यापैकी पुष्कळांना हे ऐकून नवल वाटते. पक्षीतज्ज्ञ सलीम अली १९३० च्या सुमारास किहीमला राहत आणि तेथेच त्यांनी सुगरण पक्ष्याच्या घरट्यांचा अभ्यास केला. सुगरण म्हणजे विणकर पक्षी, तेव्हा तो आमच्याच धंद्यातला म्हणायचा.

अगदी अलीकडचे उदाहरण थळच्या खत कारखान्याचे. राष्ट्रीय केमिकल्सचा हा कारखाना १९८० च्या दशकाच्या मध्याला सुरू झाला आणि कुरुळला कामगारांची वसाहत उभी राहिली. शेकडो कुटुंबे बाहेरून आली. अलिबागचे कापड दुकानदार त्या दिवसांची आठवण आजही काढतात. कारण ही माणसे बाराही महिने राहणारी होती. त्यांची मुले अलिबागच्या शाळांत गेली, बायका भाजी बाजारातून आणू लागल्या, मुलींची लग्ने इथून झाली. माझ्या वडिलांच्या वहीत या लाइनची सर्वांत मोठी वाढ त्याच सालांतली आहे.

आता येणारे लोक वाईट आहेत असे नाही. ते राहत नाहीत, एवढेच.

मुंबईच्या श्रीमंतांचे बंगले मांडवा, आवास, किहीम या पट्ट्यात पूर्वीही होते, पण हाताच्या बोटांवर मोजण्यासारखे. मग लाटेवर लाट आली. २०२० च्या मार्चमध्ये भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याला रो-रो बोट सुरू झाली आणि मुंबईतली मोटार तासाभरात या किनाऱ्यावर उतरू लागली. लगोलग टाळेबंदी आली. घरून काम करणाऱ्यांना मोकळी हवा हवीशी झाली. सरकारने त्या सप्टेंबरपासून मार्च २०२१ पर्यंत मुद्रांक शुल्कात सवलत दिली. १२ जानेवारी २०२४ ला शिवडी ते न्हावा हा २१.८ किलोमीटरचा अटल सेतू खुला झाला. प्रत्येक वेळी दलालांनी भाव एक पायरी वर नेला.

जमिनीच्या भावाची भाषाच पाहा. मी या लाइनवर आलो तेव्हा जमीन एकरात बोलली जाई. मग गुंठ्यात बोलली जाऊ लागली, एका एकराचे ४० गुंठे. आता जाहिराती चौरस फुटात येतात, एका गुंठ्याचे १०८९ चौरस फूट. आमच्याकडे जो माल थानाने विकला जात होता तो तुकड्याने विकू लागलो की समजावे, घेणारा बदलला आणि नफाही बदलला. जमिनीचेही तेच झाले. फरक इतकाच की गिरणी नवे थान काढते. किहीमला नवा गुंठा निघत नाही.

कायदे नाहीत असे नाही. १९४८ च्या कूळ कायद्याच्या कलम ६३ प्रमाणे जो शेतकरी नाही त्याला परवानगीशिवाय शेतजमीन घेता येत नाही. समुद्रकिनाऱ्याच्या पट्ट्यातील बांधकामावर १९९१ पासून केंद्राचे नियम आहेत. किहीमच्या किनाऱ्यावरचा एका फरारी हिरे व्यापाऱ्याचा बंगला ८ मार्च २०१९ ला सुरुंग लावून पाडला, ते सर्वांनी दूरदर्शनवर पाहिले. पण बिगरशेती झालेली जमीन कोणीही घेऊ शकतो, आणि दुसऱ्या तालुक्यात सातबाऱ्यावर नाव असलेला मुंबईकर कागदोपत्री शेतकरीच असतो. शिवाय हे सर्व कायदे जमीन कोणी घ्यावी आणि घर कोठे बांधावे एवढेच सांगतात. बांधलेल्या घरात कोणी राहावे की नाही, याबद्दल एक अक्षर नाही.

विकणाऱ्यालाही मी दोष देत नाही. आपल्याच कोकणी बांधवांच्या घरांत पाहा. आजोबांची वाडी, सातबाऱ्यावर वारसांची वीस-बावीस नावे. काही मुंबईत, काही कुवेत-दुबईत, फुफ्या आणि त्यांची मुले पाच ठिकाणी. लहान तुकडे करायला तुकडेबंदीचा कायदा आडवा येतो. वाडीला पाणी कोण घालणार, नारळ कोण उतरवणार, यावर दरवर्षी भांडण. मग एक दिवस दलाल येतो, सर्वांच्या सह्या जमवतो आणि प्रत्येकाच्या हातात रक्कम पडते. बहिणींना त्यांचा हक्क बिनभांडणाने मिळाला, अशी घरे मी पाहिली आहेत. त्या पैशांतून मुले इंजिनिअर झाली. ही काही लहान गोष्ट नाही.

आता त्या ११ बंद झालेल्या खात्यांबद्दल. सगळाच दोष बंगल्यांवर टाकणे खोटेपणाचे होईल. कापड घेऊन शिवण्याचा रिवाज सगळीकडेच कमी झाला, रेडीमेड आले, मग मोबाइलवरून खरेदी आली. पण रेडीमेड पेणला आणि महाडलाही आले. तेथली माझी खाती मोडली नाहीत. दुकानदारांनी थाने कमी केली आणि रेडीमेडचे हँगर लावले, झाले. बाजारात माणूस असेल तर दुकानदार माल बदलून जगतो. माणूसच नसेल तर काय बदलणार?

मांडवा रस्त्यावरील माझ्या एका जुन्या गिऱ्हाइकाने गेल्या वर्षी दुकान बंद केले. बापापासूनचे खाते. शेवटची बाकी द्यायला तो स्वतः मुंबईला आला. मी म्हटले, "भाऊ, अजून दोन वर्षे बघायचे होते." तो म्हणाला, "शेठ, आधी माझ्या दुकानासमोरून पन्नास घरांची माणसं जायची. आता पन्नास गेटं आहेत. गेटाला काय विकू?" मी विचारले, बंगल्यात माळी, रखवालदार, स्वयंपाकी असतात, ते घेत नाहीत का? तर म्हणाला, घेतात, पण एका माणसाचे. बायकामुले त्यांच्या गावाला असतात. एक लुंगी आणि दोन बनियन. मालक शुक्रवारी रात्री येतो तो मुंबईहून मीठ-मिरचीसुद्धा बरोबर घेऊन येतो, रविवारी संध्याकाळी जातो. मे महिन्यात आणि डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात रस्त्याला मोटारी मावत नाहीत, त्या दिवसांत चहा आणि पाण्याच्या बाटल्या खपतात. सदऱ्याचे कापड खपत नाही. त्याचा दुकानाचा गाळा भाड्याचा होता. जागेच्या मालकाला तिप्पट भाडे देणारा मिळाला. आता तेथे जमिनीच्या व्यवहाराचे कार्यालय आहे.

दुसरी गोष्ट एका शिंप्याची. मूळ चौलकडचा, अलिबागला खोली घेऊन राहत होता. शर्ट-पँट शिवणारा उत्तम कारागीर, आता बहुतेक पडदेच शिवतो. माझ्याकडून गेलेले कापड पुष्कळदा त्याच्याच मशीनवर जाते. दोन वर्षांपूर्वी त्याच्या खोलीच्या मालकाने सर्व खोल्यांना फरशी आणि वातानुकूलन यंत्रे बसवली आणि त्या शनिवार-रविवारच्या पाहुण्यांना द्यायला सुरुवात केली. शिंप्याला परवडेल अशी दुसरी खोली अलिबागात मिळाली नाही. तो बायको-मुलांसह पोयनाडला गेला आणि रोज एस.टी.ने येतो. संध्याकाळी सहानंतरचे काम त्याने सोडले, कारण गाडी चुकते. मुलीची शाळा बदलली. ज्या घरांत वर्षाचे तीनशे दिवस कोणी नसते त्या घरांचे पडदे हा मनुष्य शिवतो, आणि त्याला स्वतःला राहायला जागा नाही. मला हे ऐकल्यापासून पडद्यांचे बिल लिहिताना बरे वाटत नाही.

याच लाइनवर उलटे उदाहरणही आहे आणि ते व्यापाऱ्यांनी मुद्दाम जाऊन बघावे. अक्षी-नागावकडे पुष्कळ वाडीवाल्यांनी वाडी विकली नाही. वाडीतच चार खोल्या काढल्या, पाहुणे ठेवू लागले. कोणी पर्यटन महामंडळाच्या निवास-न्याहारी योजनेत नाव घातले, कोणी तसेच चालवले. पाहुणे मुंबई-पुण्याचेच, समुद्रही तोच. पण घराची मालकीण घरात असते. सकाळी पोहे तीच करते, मासे कोळणीकडून घेते, नारळ वाडीतले वाढते. तिच्याकडून मला चादरींची डझनाने मागणी येते, टॉवेलची येते, आणि मुलाच्या लग्नात तिच्याच घरचे सबंध बस्त्याचे बिल होते. माझी जी ८ खाती उरली त्यांतील ५ अलिबागच्या दक्षिणेला आहेत. तेथेही जमिनी विकल्या जात आहेत, वाडीत स्पीकर लावून धिंगाणा घालणारे पाहुणेही येतात. पण रात्री खिडक्यांत दिवे दिसतात.

तसेच कार्ले, खंडाळे, नेहुली या गावांचे. भात निघाल्यावर त्या शेतांत पांढरा कांदा लावतात. अलिबागच्या या कांद्याला २०२२ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. माळा गुंफून बायका रस्त्याच्या कडेला बसतात. मानांकन त्या मातीतल्या कांद्याला मिळते. माती भिंतीच्या आत गेली की मानांकनाचा कागद कोणाच्या कामाचा?

हा प्रश्न इतर देशांतही आला आहे आणि त्यांनी काहीतरी करून पाहिले. स्वित्झर्लंडमध्ये ११ मार्च २०१२ ला जनमत घेऊन ठरले की कोणत्याही गावात दुसऱ्या घरांचे, म्हणजे सुट्टीपुरत्या घरांचे, प्रमाण २० टक्क्यांच्या वर जाऊ द्यायचे नाही. मतांचा फरक अगदी थोडा होता. इंग्लंडच्या कॉर्नवॉल किनाऱ्यावरील सेंट आयव्हज या गावाने २०१६ मध्ये मतदान करून नियम केला की नवे घर फक्त कायम राहणाऱ्यालाच विकायचे. त्यावर सुट्टीवाल्यांची नजर जुन्या घरांकडे वळली, तेव्हा तो उपाय अर्धाच ठरला. वेल्समध्ये एप्रिल २०२३ पासून स्थानिक संस्थांना दुसऱ्या घरावर नेहमीच्या करावर ३०० टक्क्यांपर्यंत जादा कर लावता येतो. आपल्याकडे घर वर्षभर कुलूपबंद ठेवले म्हणून ग्रामपंचायतीची घरपट्टी वाढत नाही. पाण्याचा टँकर मात्र त्याच्या तलावासाठीही जातो. जादा घरपट्टीचा विचार निदान ग्रामसभेत निघायला हरकत नाही, असे मला वाटते.

घरे बंद राहण्याचे आणखी एक कारण आहे, आणि ते आपल्या लोकांत फार आहे. ते म्हणजे भीती. "भाडेकरू ठेवला तर बसेल." १९४७ च्या मुंबई भाडे कायद्याने दोन पिढ्यांना हा धडा शिकवला. पण १९९९ चा महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा ३१ मार्च २००० पासून लागू आहे. त्याच्या कलम ५५ प्रमाणे करार लेखी करून नोंदवावा लागतो, आणि कलम २४ प्रमाणे ठरलेली मुदत संपल्यावर परवानाधारकाने जागा सोडली नाही तर सक्षम अधिकाऱ्याकडे अर्ज करून ती परत मिळवता येते. ११ महिन्यांचा नोंदलेला करार असेल तर मालकाला रात्रीची झोप घालवण्याचे कारण नाही. जे व्यापारी बंधू गुंतवणूक म्हणून घर घेऊन कुलूप लावतात त्यांनी वकिलाला विचारून हे समजून घ्यावे.

हे मी दुसऱ्यांना सांगतो आहे असे कोणी समजू नये. २०२१ मध्ये मी आणि माझ्या धाकट्या भावाने मिळून अलिबागच्या बाजूला दोन खोल्यांचा एक फ्लॅट घेतला. सवलत होती, दुकान बंद होते, पैसा पडून होता. पहिल्या वर्षी दोन्ही कुटुंबे मिळून नऊ वेळा गेलो, पुढच्या वर्षी चार वेळा. पडदे अर्थातच आमच्याच गोदामातले.

भावाचे म्हणणे, फ्लॅट शनिवार-रविवारच्या पाहुण्यांना द्यावा. रात्रीला ४ हजार मिळतील. मी कागद घेऊन बसलो. वर्षात २६ आठवडे भरले तर दोन रात्रींचे मिळून २ लाख ८ हजार. त्यातून बुकिंग करून देणाऱ्याचे सुमारे ३५ हजार, सफाई व किल्ल्या सांभाळणाऱ्याचे महिना ५ हजारांप्रमाणे ६० हजार, वीज, धुलाई आणि मोडतोड ३० हजार. उरले ८३ हजार. आणि वर्षाच्या भाडेकरूकडून महिना ८ हजार घेतले तर ९६ हजार, त्यात सफाई नाही, फोन नाही, रात्री अकराला शेजाऱ्यांची तक्रार नाही. भाऊ म्हणतो, २६ कसले, ४० आठवडे भरतील. भरले तर त्याचा हिशोब बरोबर आहे, माझा चुकीचा. पावसाळ्याचे चार महिने वजा जाता ४० आठवडे कोठून आणणार, हे त्याने अजून सांगितलेले नाही. शिवाय भाड्याने दिले तर मे महिन्यात आपण कोठे जायचे, असे घरच्या मंडळींचे म्हणणे आहे. त्याला माझ्याकडे उत्तर नाही. नागावला त्या बाईंकडे खोली मिळेल, एवढेच म्हणालो.

पुढच्या जुम्याला दुकानाला सुट्टी आहे. नमाजनंतर तो शिंपी फ्लॅट बघायला येणार आहे. ८ हजार त्याला जड जातील, बहुधा ६ वर गोष्ट येईल, म्हणजे वर्षाचे ७२ हजार, भावाच्या हिशोबापेक्षाही कमी आणि माझ्याही. मुलीला पुन्हा जुन्या शाळेत घालता येईल का, हे त्याने हेडमास्तरांना विचारून ठेवले आहे. भावाशी मी अजून बोललो नाही.